गाडी नसलेल्यांचे माथेरान

“गाडी घेतली की जाऊ.” आमच्या घरात हे वाक्य बारा वर्षे चालले. मुले लहान होती तेव्हापासून. मुले मोठी झाली, अम्मींचे गुडघे दुखू लागले, गाडी काही आली नाही. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नकार्य, मय्यत आणि दवाखाना सोडला तर त्या मुंब्र्याच्या बाहेर पडल्याला किती दिवस झाले, हे त्यांनाही सांगता आले नसते. शेवटी डिसेंबरातल्या एका सकाळी ठरवले, आज माथेरान. तिथे गाडी असून उपयोग नाही. गाडीवाल्यांनाही दस्तुरी नाक्यावर ती उभी करून पुढे आपल्यासारखेच जावे लागते. गावात मोटारींना बंदी आहे.

मुंब्र्याहून धीम्या लोकलने कल्याण, तिथून कर्जत लोकलने नेरळ. बदलापूर मागे पडले की डब्यातली गर्दी ओसरते, मग खिडकीतून डोंगर दिसायला लागतो. अम्मींनी खिडकी सोडली नाही.

नेरळला उतरलो आणि कळले की छोट्या गाडीची तिकिटे संपली. चूक आमचीच. फेऱ्या मोजक्या असतात, त्यासाठी पहाटे निघायला हवे होते. मुलगा हिरमुसला. फलाटाशेजारी उभ्या त्या डब्यांकडे बघत मी त्याला या गाडीची हकिगत सांगितली. शाळेत त्याला ती कोणी सांगितली नव्हती, मलाही नव्हती.

ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने १८५० साली माथेरान शोधले असे पुस्तकात असते. (डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांना ते आधीच ठाऊक होते, ते वेगळे!) पण तिथे रेल्वे नेली ती मुंबईच्या बोहरा व्यापारी घराण्याने. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम उभे केले. १९०४ मध्ये सुरुवात झाली, १९०७ मध्ये गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये, त्या काळचे! रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा काही ठिकाणी चढ. तो झेपावा म्हणून रूळ डोंगराला वेटोळे घालत जातो आणि वर पोहोचेपर्यंत सुमारे एकवीस किलोमीटर होतात. २००५ च्या जुलैतल्या पावसाने मार्ग वाहून गेला होता, तो दोन वर्षांनी पुन्हा सुरू झाला. आजही पावसाळ्यात नेरळहून वर गाडी नसते. वरच्या अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात फेऱ्या चालतात.

आम्ही शेअर टॅक्सीने घाट चढलो. दस्तुरीला प्रवासी कर भरला आणि खरा प्रश्न समोर आला. बाजारपेठ अजून अडीच-तीन किलोमीटर. घोडेवाले पुढे आले. घोड्यावर बसायचे असेल तर भाव आधी ठरवावा, नंतर वाद नको. अम्मींनी घोड्याकडे बघूनच मान हलवली. मग हातरिक्षा. पुढे एक माणूस ओढतो, मागून दुसरा ढकलतो. अम्मी हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्याच्या छातीवर पाय देऊन बसल्यासारखे होईल गं. मला नको.” सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये नेमके हेच माणुसकीला धरून नाही म्हणून सहा महिन्यांत या रिक्षा बंद करायला सांगितले. त्या ओढणाऱ्यांच्या हाती ई-रिक्षा यावी हा मार्ग निघाला आहे, तो नीट पार पडो. त्यांचीही चूल त्यावरच आहे. ई-रिक्षासाठी त्या दिवशी लांब रांग होती.

अमन लॉज स्टेशन नाक्यापासून जवळच. तिथल्या शटलची तिकिटे मिळाली, आणि मुलाला निदान थोडी तरी छोटी गाडी मिळाली. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मात्र हा टप्पा चालावा. तांबडी माती, दोन्ही बाजूंना जांभूळ-हिरड्याची सावली, आणि हॉर्नचा आवाज नाही. मुंब्र्यात राहणाऱ्यांना या शेवटच्या गोष्टीची किंमत सांगायला नको.

बाजारातून शार्लट तलावापर्यंत आम्ही चाललो. लोकांना अर्धा तास लागत असेल, आम्हाला दुप्पट लागला. अम्मी दर वळणावर बसल्या, पण परत फिरू म्हणाल्या नाहीत. या तलावाचे पाणी गाव पिते, त्यामुळे वजू आम्ही सोबतच्या बाटलीतल्या पाण्याने केली. जादा बाटली आणि चादर घेतली होती म्हणून जोहर झाडाखाली आरामात झाली. खिम्याच्या सँडविचची पिशवी मात्र माकडाने नेली. डबा घट्ट झाकणाचा आणि बॅग पाठीवरचीच हवी.

तिथून मुलांना त्यांच्या अब्बांबरोबर लुईझा पॉइंटला पाठवले. समोर प्रबळगड दिसतो म्हणे. मी अम्मींजवळ बसले. लग्नाला सोळा वर्षे झाली, पण त्यांच्या माहेरच्या डोंगराबद्दल, लाकडे आणायला त्या किती उंच चढायच्या याबद्दल, त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

उतरताना अंधाराआधी नेरळ गाठले. फलाटावर हिजाब घातलेल्या कॉलेजच्या तीन मुली बसल्या होत्या, बूट चिखलाने लाल. त्या भिवपुरी रोड स्टेशनला उतरून, धरणाच्या बाजूने गार्बेटच्या पठारावर चढून, पायीच माथेरानला आल्या होत्या. वाट माहीत असलेली एक जण सोबत होती. माझी मुलगी त्यांना प्रश्नावर प्रश्न विचारत राहिली आणि मग हळूच आजीकडे बघू लागली.

“जा की,” अम्मी गुडघे चोळत म्हणाल्या. “पण या चपलांवर नाही. आधी बूट घे.”