शीत प्रदेशातील कढीलिंबाची हिवाळी तजवीज

उत्तर अमेरिकेच्या वा युरोपच्या शीत प्रदेशांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे जो कढीलिंब कुंडीत मोठ्या ममतेने वाढवतात, तो मूळचा उष्ण हवामानातील वृक्ष असल्यामुळे, रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागण्यापूर्वीच त्यास घरात घेणे अगत्याचे ठरते; कारण थंडी आणखी वाढून हिम पडल्यास ऊतींत बर्फ होऊन कोवळ्या पेशींचा नाश होतो.

आत आणताना पानांची खालची बाजू बारकाईने तपासून, खवले कीड वा पिठ्या ढेकूण आढळल्यास धुऊन काढावेत. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने कुंडी दक्षिणाभिमुख खिडकीपाशी ठेवावी. मात्र घर तापवणाऱ्या यंत्राच्या झोतापासून ती दूर असावी, कारण उष्ण व शुष्क हवेत लाल कोळी फोफावतो.

सर्वांत मोठी खबरदारी पाण्याची. प्रकाश व उष्णता घटली की झाडाची वाढ मंदावते, मुळे पाणी कमी शोषतात आणि साचलेल्या ओलीत प्राणवायूवाचून कुजतात; म्हणून मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे आणि खत वसंतापर्यंत तहकूब ठेवावे. पाने पिवळी पडून गळाली, तरी झाड मेले असे समजून ते टाकण्याची घाई कदापि करू नये. फांदीची साल नखाने किंचित खरवडता आत हिरवेपणा दिसला, तर प्राण शाबूत आहे. वसंतात हिमाचे भय सरल्यावर त्यास एकदम प्रखर उन्हात न नेता, प्रथम सावलीत व मग क्रमाक्रमाने उन्हात ठेवावे, म्हणजे पाने करपत नाहीत.