बाळंतिणीचे ताट, बाळाचे कवच

बाळंतिणीला तूप-खोबरे घातलेले अळिवाचे लाडू आपण आग्रहाने देतो. पण तिचे पहिले पिवळसर चीकदूध काही घरांत अजूनही टाकून दिले जाते. वास्तविक त्यात रोगजंतूंना अडविणारी प्रतिपिंडे भरपूर असतात.

आईच्या दुधातील सुमारे निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून मिळते. आहाराने त्याचे प्रमाण फारसे बदलत नाही. बदलतो तो प्रकार. खोबऱ्याने काही तासांतच दुधातील लॉरिक आम्ल वाढते, तर मासळीने डीएचए. बाळाच्या जठरात स्निग्धांश पचताना सुटणारी मेदाम्ले काही विषाणूंचे स्निग्ध आवरण फोडू शकतात.

अर्थात लाडू म्हणजे लस नव्हे. तो जरूर द्यावा. पण चीक टाकणे म्हणजे बाळाचे पहिले कवच आपल्याच हातांनी उतरविणे होय!