नदीचं नाव, पडद्यावरची खूण



गटाच्या बैठकीत लेबलाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "माल चांगला असला म्हणजे झालं की. त्यावर चित्र कशाला आणि नाव कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. छपाईला पैसे लागतात, आणि ते आपल्याच बचतीतून जातात. म्हणून आज आपण या प्रश्नाचं उत्तर शोधू या, पण जरा लांबून, थेट लंडनहून. तिथल्या थेम्स टेलिव्हिजन नावाच्या कंपनीच्या खुणेची ही गोष्ट आहे. कंपनी टीव्हीवरचे कार्यक्रम बनवायची. तिची खूण कशी जन्मली, कशी बदलली, पडद्यावरून कशी गेली आणि नाव परत कसं आलं, ते ऐकलं तर लेबलाचा हिशेब आपोआप कळेल.

आधी पडद्यावरची खूण म्हणजे काय ते बघू. आपल्यापैकी ज्यांनी जुनं दूरदर्शन पाहिलंय त्यांना आठवेल. सुरुवातीला दोन वळणदार आकार फिरत फिरत यायचे, त्यांचा डोळ्यासारखा आकार व्हायचा आणि मागे एक संथ सूर वाजायचा. स्वयंपाकघरात असलो तरी सूर कानावर पडला की कळायचं, टीव्ही सुरू झाला. ती दूरदर्शनची खूण. पाकिटावरची खूण जागेवर स्थिर असते. टीव्हीवरची खूण हलते, आणि तिला आवाजही असतो. बाकी काम दोघींचं एकच, हे कोणाचं आहे ते सांगायचं.

आता इंग्लंडमध्ये जाऊ. तिथे बीबीसी ही सार्वजनिक संस्था होती. तिच्या जोडीला १९५५ साली आयटीव्ही नावाची दुसरी वाहिनी सुरू झाली, जाहिरातींच्या पैशावर चालणारी. ही वाहिनी मात्र एका मालकाची नव्हती. देशाचे भाग पाडले होते आणि प्रत्येक भागाचा परवाना वेगळ्या कंपनीला दिला होता. प्रत्येक कंपनी आपल्या भागात प्रक्षेपण करायची, शिवाय कार्यक्रम बनवून बाकीच्यांनाही द्यायची. आपल्या प्रभागसंघासारखं समजा. दुकान एक, पण पापड एका गटाचे, मसाला दुसऱ्या गटाचा, शेवया तिसऱ्याच्या. मग कोणता माल कोणाचा हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? म्हणून कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी काही सेकंद तो बनवणाऱ्या कंपनीची खूण यायची.

लंडनची तर आणखी गंमत. शहर मोठं, जाहिरातीचा पैसा मोठा, म्हणून तिथे आठवड्याचीच वाटणी केली होती. १९६८ साली सोमवार ते शुक्रवार संध्याकाळपर्यंतची पाळी थेम्सकडे आली आणि तिथून रविवारपर्यंतची पाळी लंडन वीकेंड टेलिव्हिजनकडे. वाहिनी तीच, बटण तेच, पण शुक्रवारी संध्याकाळी मालक बदलायचा. बघणाऱ्याला ते कशावरून कळायचं? खुणेवरून.

थेम्स कंपनी स्वतः दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून झाली होती, एबीसी आणि रिडिफ्युजन. ३० जुलै १९६८ ला तिचं प्रक्षेपण सुरू झालं. दोन घरं एकत्र आली की नाव कोणाचं लावायचं हा प्रश्न येतोच. इथे दोघांपैकी कोणाचंच लावलं नाही. शहरातून वाहणाऱ्या थेम्स नदीचं नाव घेतलं. नदी काही एकट्याची नसते, त्यामुळे ते नाव सगळ्या शहराला आपलं वाटण्यासारखं होतं.

खूणही नावाला साजेशी केली. पडद्यावर लंडनच्या ओळखीच्या इमारती एका रांगेत दिसायच्या. सेंट पॉल चर्चचा घुमट, संसदेचा घड्याळाचा मनोरा, टॉवर ब्रिज, आणि खाली पाण्यात त्यांचं प्रतिबिंब. त्याखाली ठळक अक्षरात नाव, थेम्स. सोबत जॉनी हॉक्सवर्थ या संगीतकारानं बांधलेली छोटीशी धून. १९६९ च्या नोव्हेंबरात आयटीव्हीवर रंगीत प्रक्षेपण सुरू झालं आणि हीच खूण रंगात दिसू लागली.

यातली खुबी अशी की हे दृश्य खरं नाही. लंडनमध्ये कुठेही उभं राहिलात तरी या सगळ्या इमारती अशा ओळीत दिसत नाहीत. त्या एकमेकींपासून लांब आहेत. वेगवेगळी चित्रं जुळवून ते दृश्य तयार केलं होतं. पण बघणाऱ्याला ते खोटं वाटलं नाही, कारण त्यातली प्रत्येक वस्तू त्याच्या माहितीची होती. खुणेत काय घ्यायचं याचं उत्तर इथे मिळतं. छापखान्यातल्या तयार नमुन्यात कमळं असतात, मोर असतात, ते कोणाच्याही पाकिटावर चालतात. पण आपल्या गावची टेकडी, बारव, देवळाचं शिखर किंवा पाट्यावर वाटणारे हात असतील तर ते आपलेच दिसतात.

ही खूण किरकोळ सुधारणा होत होत वीस वर्षं टिकली. मधल्या काळात चित्र अधिक स्पष्ट झालं, छायाचित्रण सुधारलं, पण इमारती, पाणी, अक्षरं आणि धून यांचा मेळ मोडला नाही. केनी एव्हरेट नावाचे विनोदी कलाकार याच कंपनीसाठी कार्यक्रम करायचे आणि याच खुणेची टिंगल करायचे. कंपनीनं ते चालू दिलं. नक्कल त्याचीच होते ज्याला सगळे ओळखतात, हे तिला ठाऊक असावं.

मग काळ बदलला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दोन गोष्टी झाल्या. पहिली, कार्यक्रमाच्या आधी येणारी कंपनीची खूण बंद होऊन ती कार्यक्रमाच्या शेवटी गेली. म्हणजे पाकिटाच्या पुढच्या बाजूचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात गेलं. दुसरी, १९८९ मध्ये आयटीव्हीनं सगळ्या कंपन्यांसाठी एकाच साच्यातली नवी खूण काढली, आणि त्यात प्रत्येकीनं आपलं चित्र बसवायचं असं ठरलं. काहींनी ते स्वीकारलं, काहींनी नाकारलं. थेम्सनंही त्याच सुमारास जुनं दृश्य बाजूला ठेवून त्रिकोणी आकारातली नवी खूण आणली. पण त्या त्रिकोणातही लंडनच्या इमारती ठेवल्या. नवीन केलं, तरी जुन्या गिऱ्हाइकाला घर सापडेल अशी एक खिडकी उघडी ठेवली.

त्रिकोणाला मात्र फार दिवस मिळाले नाहीत. १९९० च्या नव्या कायद्यानं परवान्यांचा लिलाव ठरला. प्रत्येकानं बंद पाकिटात बोली द्यायची. आधी दर्जाची चाळणी, आणि त्यातून पार पडलेल्यांत जो जास्त बोली देईल त्याला परवाना. १६ ऑक्टोबर १९९१ ला निकाल लागला. थेम्सची बोली वर्षाला सुमारे ३ कोटी २७ लाख पौंड होती. कार्लटन नावाच्या नव्या कंपनीची सुमारे ४ कोटी ३० लाख. परवाना कार्लटनला गेला. त्याच दिवशी लंडन वीकेंडनं फक्त ७५ लाखांच्या आसपास बोली देऊन आपली पाळी राखली, कारण तिच्याहून जास्त बोली देणारा दर्जाच्या चाळणीत गळाला. आणि मध्य इंग्लंडमधल्या सेंट्रल कंपनीसमोर कोणी उभंच राहिलं नाही. तिनं वर्षाला दोन हजार पौंडांत परवाना मिळवला. एकाच लिलावात असे तीन निकाल लागले.

३१ डिसेंबर १९९२ च्या रात्री थेम्सचं प्रक्षेपण संपलं. कंपनीतल्या कितीतरी लोकांचं काम गेलं. चोवीस वर्षांची पाळी मध्यरात्री दुसऱ्याच्या हातात गेली.

आता जरा थांबू. इथे मालाचं काय झालं ते बघू.

आपल्या मुलांना आवडणारा मिस्टर बीन घ्या. १ जानेवारी १९९० ला त्याचा पहिला भाग दिसला. तो टायगर नावाच्या छोट्या कंपनीनं थेम्ससाठी बनवला होता. थेम्सचा परवाना गेल्यावर मिस्टर बीन संपला का? नाही. नंतरचे भाग सेंट्रलसाठी बनले. दुकान बदललं, बनवणारे हात तेच राहिले. थेम्सचंही तसंच झालं. पोलिसांच्या आयुष्यावरची 'द बिल' ही तिची मालिका १९८४ पासून चालू होती. परवाना गेला तरी थेम्सनं मालिका बनवणं सोडलं नाही. लंडनमध्ये ती आता कार्लटनच्या पाळीत दिसू लागली, पण बनवणारी म्हणून शेवटी नाव थेम्सचंच येत राहिलं. पुढे कंपनीचे मालक बदलले. २००३ मध्ये टॉकबॅक नावाच्या दुसऱ्या कंपनीशी जोडणी होऊन दोन्ही नावं एकत्र आली. २०१२ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली आणि थेम्स हे नाव स्वतंत्रपणे वापरात आलं. 'ब्रिटन्स गॉट टॅलंट' हा तिथला मोठा कार्यक्रम याच नावाखाली बनू लागला.

आणि लिलाव जिंकलेली कार्लटन? २००२ च्या ऑक्टोबरात लंडनच्या पडद्यावरून वाहिनी म्हणून तिचं नाव निघालं. त्याच्या जागी आयटीव्ही१ हे नाव आलं. म्हणजे दहा वर्षंही भरली नाहीत.

मैत्रिणींनो, परवाना म्हणजे दुकानातली जागा. ती आज असते, उद्या नसते. पैशाच्या जोरावर कोणीही ती घेऊ शकतं. खूण म्हणजे बनवणाऱ्याचं नाव. ते मालाबरोबर दुसऱ्या दुकानात जातं. थेम्सकडे दोन्ही होतं. एक गेलं तेव्हा दुसरं उपयोगी पडलं.

आमच्या भागातल्या एका गटाकडे दुसरं नव्हतं. त्या बायका चार वर्षं शेवया करून तालुक्याच्या एका दुकानाला द्यायच्या. दुकानदार त्या आपल्या पिशवीत भरायचा, वर त्याचं नाव. गिऱ्हाइकं लांबून यायची. मग दुकान दुसऱ्यानं चालवायला घेतलं आणि त्यानं माल बाहेरून मागवायला सुरुवात केली. पिशवी तीच राहिली. गिऱ्हाइकं काही महिने "शेवया पूर्वीसारख्या नाहीत" एवढंच म्हणत राहिली. पूर्वीच्या शेवया कोणाच्या होत्या हे त्यांना माहीतच नव्हतं, मग शोधत कोणाकडे जाणार? गटाला पुन्हा पहिल्या पाकिटापासून सुरुवात करावी लागली. हात तेच होते, चव तीच होती, पण चार वर्षांची ओळख दुसऱ्याच्या पिशवीवर राहून गेली.

म्हणून आम्ही प्रत्येक गटाला चार कामं सांगतो.

एक, नाव आणि खूण गटाची ठेवा. ज्या ताईंच्या घरी माल बनतो त्यांच्या घराण्याचं नको. थेम्सनं नदीचं नाव घेतलं तसं सगळ्यांना आपलं वाटेल असं घ्या. आणि ती खूण गटाच्या मालकीची आहे असा ठराव बैठकीच्या वहीत लिहून सह्या घ्या. उद्या गट फुटला किंवा दोन गट एकत्र आले तर हा कागद कामाला येतो.

दोन, दुकानदार आपल्या पिशवीत माल विकायचा म्हणाला तर सरळ नाही म्हणू नका, विक्री आपल्यालाही हवी असते. पण बनवणारा म्हणून गटाचं नाव आणि पत्ता पिशवीवर छापायचाच असं बोलून घ्या, लिहून घ्या. मागच्या बाजूला बारीक अक्षरात असलं तरी चालेल. बंद पाकिटातल्या खाद्यपदार्थावर अन्न परवान्याचा क्रमांक हवा, असा नियमही आहे.

तीन, विक्री वाढली की खुणेची नोंदणी करा. तिला ट्रेडमार्क म्हणतात. अर्ज ऑनलाइन होतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. अर्ज कोणाच्या नावानं करायचा, गटाच्या की संघाच्या, हे सल्ला घेऊन आधी ठरवा. आणि लक्षात ठेवा, वर्तुळातलं इंग्रजी आर हे अक्षर नोंदणी झाल्याशिवाय छापता येत नाही. छापखानेवाला "शोभेला टाकतो" म्हणाला तरी टाकू देऊ नका.

चार, खूण बदलायची वेळ आली तर सगळं एकदम बदलू नका. रंग बदला किंवा अक्षर बदला, पण एक ओळखीची गोष्ट ठेवा. वाचता न येणारी आजीबाई पाकीट चित्रावरून ओळखते. तिला दुकानात उभं राहून विचारावं लागलं, तर ती दुसरं पाकीट उचलेल.

येत्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एखादं पाकीट घेऊन यावं. चव एवढीच न बघता ते बनवलं कोणी आणि विकलं कोणी, ही दोन नावं त्यावर शोधायची. मग आपलं पाकीट मध्ये ठेवायचं आणि तेच दोन प्रश्न विचारायचे. उत्तर मिळालं नाही तर लेबलाचा खर्च त्याच दिवशी मंजूर करू.