आमचा हरणारा संघ

हिवाळ्याचे दिवस असले म्हणजे स्नानसंध्या आणि चहा आटोपून आम्ही सकाळीं साडेआठाच्या सुमारास ओसरीवर येऊन बसतों आणि समोर मोबाइल उभा करून ठेवतों. त्या वेळीं कॅलिफोर्नियाची राजधानी जें सॅक्रामेंटो शहर, तेथें आदल्या दिवशींचे सायंकाळचे सात वाजलेले असतात आणि तेथील ‘किंग्ज’ नांवाच्या संघाचा बास्केटबॉलचा सामना सुरू होण्याच्या बेतांत असतो. आमच्याकडे दूध घालणारा गडी पुष्कळ दिवस असें समजत होता कीं, गुरुजी कीर्तन ऐकत बसतात. एके दिवशीं त्यानें डोकावून पाहिलें. “ह्यांतला आपला कोणता, गुरुजी?” आम्ही संघ दाखविला. “जिंकतोय का?” “नाहीं.” चार दिवसांनीं पुन्हां तोच प्रश्न झाला आणि पुन्हां तेंच उत्तर देणें प्राप्त झालें. तेव्हां त्यानें दुधाचें माप खालीं ठेवलें आणि मोठ्या काळजीनें विचारलें, “मग बघताय कशापायी, गुरुजी?”

प्रश्न साधा, पण आम्हांस त्याचें उत्तर तत्काळ सुचलें नाहीं. उभें आयुष्य संस्कृत व्याकरण शिकविण्यांत गेलेल्या, पळसदेवासारख्या खेड्यांत राहणाऱ्या माणसाला सातासमुद्रांपलीकडील एका संघाचें, आणि तेंही बहुधा हरणाऱ्या संघाचें, वेड कां लागावें, हा प्रश्न आमच्या घरांतील मंडळींनींही अनेकदां विचारलेला आहे. त्याचें उत्तर शोधण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. आम्ही शिक्षक होतों तेव्हां खेळाचा तास आला कीं तो व्याकरणाला घेत असूं. मुलांचे चेहरे उतरत. त्याकडे आम्ही लक्ष दिलें नाहीं. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय अशी आमची ठाम समजूत होती. वस्तुतः दंडीच्या दशकुमारचरितांत राजकन्या कंदुकावती देवीपुढें चेंडूचा खेळ करून दाखविते, तो प्रसंग आम्ही मुलांना मोठ्या रसानें समजावून देत असूं आणि त्याच वेळीं बाहेरच्या मैदानावर चेंडू टाकण्याची मात्र त्यांस बंदी! ही विसंगति आमच्या ध्यानांत आली, ती नोकरी संपल्यावर.

आमची मुलगी सॅक्रामेंटोजवळील फॉल्सम गांवीं असते. नातवाशीं दर रविवारीं बोलणें होई. “कसा आहेस?” “बरा आहे.” “जेवलास?” “हो.” यापुढें दोघांसही कांहीं सुचत नसे. त्याचें मराठी तोकडें आणि आमचें त्याच्या जगाचें ज्ञान त्याहून तोकडें. २०१९ च्या सप्टेंबरांत तो आपण होऊन म्हणाला, “आजोबा, आमचा संघ तुमच्या मुंबईला येतो आहे. तुम्ही पाहाल?” त्या वर्षीं ४ व ५ ऑक्टोबरला वरळीच्या घुमटाकार क्रीडागृहांत सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या संघांचे दोन सामने झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, म्हणजे एन. बी. ए. चे, हिंदुस्थानांतील हे पहिलेच सामने. पहिल्या सामन्याला शाळकरी मुलांची मोठी गर्दी होती. बरोबरी झाल्यामुळें जादा वेळ खेळावा लागला आणि किंग्ज १३२ विरुद्ध १३१ असे एका गुणानें हरले. आम्हांला नियम कळत नव्हते, पण एक गुण म्हणजे काय तें कळत होतें. त्या दिवशीं नातू आणि आम्ही पाऊण तास बोललों. दुसरा सामनाही संघ हरला. बोलणें मात्र सुरू झालें तें सुरूच राहिलें.

ज्यांस या खेळाची माहिती नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द. १८९१ च्या डिसेंबरांत स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणशाळेंत जेम्स नायस्मिथ नांवाच्या मास्तरांनीं थंडीमुळें घरांत कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठीं हा खेळ रचिला. पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा दहा फूट उंच होता, म्हणून आजही कडें दहा फुटांवरच असतें. नियम अवघे तेरा. एका मास्तरानें कंटाळलेल्या वर्गासाठीं काढलेली ही युक्ति आज जगभर खेळली जाते, हें वाचून आमच्यासारख्या मास्तराला आनंदाबरोबर थोडी लाजही वाटली.

आमच्या मनाला विशेष भावला तो चोवीस सेकंदांचा नियम. पूर्वीं आघाडीवर असलेला संघ चेंडू नुसता आपल्याकडे खेळवीत वेळ काढी आणि प्रेक्षक कंटाळत. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनीं साधें त्रैराशिक मांडलें. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. चांगल्या सामन्यांत दोन्ही संघ मिळून सुमारें १२० वेळां चेंडू कड्याकडे फेंकतात. भागाकार आला २४. तेव्हां चोवीस सेकंदांच्या आंत चेंडू फेंकलाच पाहिजे, असा नियम १९५४ सालीं झाला आणि खेळांत प्राण आला. गणिताच्या तासाला याहून सुंदर उदाहरण कोणतें देतां येईल? वाचकांपैकीं कोणास हा खेळ पाहावयाचा असेल, तर त्यांनीं आरंभीं चेंडूकडे न पाहतां ते मागें मागें सरणारे आंकडे पाहावे. चेंडूची सारी धांवपळ त्यावरून उमगते.

आतां मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी गोष्ट. या किंग्ज संघाचे सूत्रधार विवेक रणदिवे हे मुंबईंत जन्मलेले गृहस्थ. एम. आय. टी. त शिकून त्यांनीं संगणकाच्या धंद्यांत नांव व संपत्ति मिळविली. लहानपणीं ते क्रिकेट व फुटबॉल यांत वाढले; बास्केटबॉल कधीं खेळलेले नव्हते. मुलगी बारा वर्षांची असतां तिच्या संघाला शिकविण्याचें काम त्यांनीं अंगावर घेतलें आणि पहिला निश्चय असा केला कीं, आवाज चढवावयाचा नाहीं. जें सांगावयाचें तें शांतपणें, पटवून सांगावयाचें. दुसरें असें कीं, त्यांस एक कोडें पडलें. मैदान ९४ फूट लांबीचें. मग गुण मिळाल्यावर प्रत्येक संघ आपल्या कड्याजवळ माघारा पळून शेवटचे वीस-पंचवीस फूटच कां राखतो? त्यांच्या मुली ना उंच, ना नेमबाज. म्हणून त्यांनीं साऱ्या मैदानभर प्रतिपक्षाला अडविण्यास शिकविलें आणि त्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोंचल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनीं २००९ सालीं ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकांत ही हकीकत लिहिली. तेराव्या नियमापर्यंत न पोहोंचलेला नवखा मनुष्य कधीं कधीं जाणत्यांना न दिसणारी गोष्ट पाहतो, हा त्यांतील बोध शिक्षकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

परंतु या संघावर आमचा जीव जडला तो मालक मराठी म्हणून नव्हे. त्याचें खरें कारण संघाच्या पूर्वेतिहासांत आहे. हा संघ मूळचा रॉचेस्टर गांवचा. तेव्हां नांव ‘रॉयल्स’. १९५१ सालीं त्यानें अजिंक्यपद मिळविलें, तें पहिलें आणि अद्यापपर्यंत शेवटचें. १९५७ सालीं तो सिनसिनाटीस गेला, १९७२ सालीं कॅन्सस सिटीस गेला आणि तेथें ‘किंग्ज’ झाला, १९८५ सालीं सॅक्रामेंटोस आला. २०१३ सालीं तो पुन्हां उठून सिॲटलला जाण्याचें जवळजवळ ठरलें होतें. तेव्हां नगराध्यक्ष केविन जॉन्सन, जे स्वतः पूर्वीं या खेळांतील नामांकित खेळाडू होते, त्यांनीं खटपट करून दुसरे खरेदीदार उभे केले. गांवकऱ्यांनीं सभा भरविल्या, क्रीडागृह सोडण्यास नकार दिला. अखेर संघटनेंतील संघांच्या मालकांनीं २२ विरुद्ध ८ मतांनीं स्थलांतर नाकारलें आणि रणदिवे यांच्या मंडळीनें संघ विकत घेतला. त्या व्यवहारांत संघाची किंमत ५३ कोटी डॉलरांहून अधिक धरली गेली होती.

पळसदेवच्या माणसाला ही हकीकत वाचून कांहींच वाटूं नये, हें शक्य नव्हतें. आमचें जुनें गांव भीमेच्या कांठीं होतें. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. त्या जलाशयाखालीं आमचें घर, शाळा, पार, सारें गेलें आणि गांव उठून पुणें-सोलापूर रस्त्याजवळ आलें. आमच्यासाठीं कोणी मतदान घेतलें नाहीं. ज्या पाण्यानें गांव बुडविलें, त्याच पाण्यावर आज आसपासचा ऊंस उभा आहे, हेंही तितकेंच खरें; म्हणून आम्ही कोणाला दोष देत नाहीं. परंतु आपली वस्तु आपल्या डोळ्यांदेखत जाऊं लागली असतां माणसाच्या पोटांत काय कालवतें, तें आम्हांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

वांचलेल्या संघानें पुढें पराक्रम गाजविले, असें मात्र समजूं नये. २००७ पासून २०२२ पर्यंत ओळीनें सोळा वर्षें त्यास बाद फेरीचें तोंड दिसलें नाहीं. या संघटनेच्या इतिहासांत इतका दीर्घ वनवास दुसऱ्या कोणत्याही संघाला घडला नव्हता. २०२२-२३ च्या हंगामांत नवे शिक्षक माइक ब्राउन यांच्या हाताखालीं ८२ पैकीं ४८ सामने जिंकून तो वनवास संपला. प्रत्येक विजयानंतर क्रीडागृहाच्या छपरावरून जांभळ्या प्रकाशाचा झोत आकाशांत सोडण्याची प्रथा त्याच हंगामांत पडली. नातू रस्त्यानें जातांना तो झोत पाही आणि लगेच आम्हांस कळवी. आमच्या ओसरीवर त्या वेळीं ऊन आलेलें असे. बाद फेरींत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध सात सामन्यांपर्यंत झुंज झाली. सातवा सामना आमच्याकडे १ मेच्या उत्तररात्रीं होता. स्टीफन करी यानें एकट्यानें ५० गुण केले आणि आमचा संघ १२० विरुद्ध १०० असा हरला. दिवा मालवून आम्ही अंथरुणावर पडलों, पण झोंप आली नाहीं. साठी उलटलेल्या माणसानें चेंडूसाठीं जागावें काय, असें मनाला विचारलें. मन कांहीं बोललें नाहीं.

पुढच्या वर्षीं संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावरूनच परतला. २०२४ च्या जूनमध्यें नातू सुटीत आमच्याकडे आला तो चिडलेलाच होता. “आजोबा, आपण आतां वॉरियर्सचे होऊं. ते जिंकतात.” त्या वेळीं आम्ही कांहीं बोललों नाहीं. त्या उन्हाळ्यांत उजनीचें पाणी फार खालीं गेलें होतें आणि एरवीं पाण्यांत राहणारें पळसनाथाचें जुनें देऊळ उघडें पडलें होतें. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही दोघे तिकडे गेलों. भेगाळलेल्या गाळांतून वाट काढीत आम्ही त्याला दगडी खांब दाखविले, त्यांवरील कोरीव काम दाखविलें. मग आमचें घर कोठें होतें तें पावलें मोजून दाखविलें. येथें ओटा, येथें तुळशीवृंदावन, येथें तुझी पणजी दळावयास बसे. तेथें गाळाशिवाय कांहीं नव्हतें. तो बराच वेळ उभा राहिला. मग त्यानें विचारलें, “मग तुम्ही अजून पळसदेवचेच कसे?”

आम्ही सांगितलें, “गांव उठलें तेव्हां जे उठले त्यांनीं नांव बरोबर आणलें, देव बरोबर आणला. नव्या जागीं पळसनाथाचें नवें देऊळ बांधलें. गांव चांगल्या जागीं आहे म्हणून कोणी गांवचा होत नसतो, बाळ.” वॉरियर्सचें नांव त्यानें त्यानंतर काढलें नाहीं. आम्हीही तो विषय वाढविला नाहीं. शाळा सुटल्यावर तरी मास्तरानें धडा ताणूं नये.

या छंदांत दोष नाहींत असें नव्हे. हा पैशाचा खेळ आहे. खेळाडू बाजारांतील बैलांप्रमाणें या दावणीहून त्या दावणीला बांधले जातात. २०२४ च्या डिसेंबरांत ब्राउन यांस काढून टाकलें; ज्यांस दीड वर्षापूर्वीं सर्वोत्कृष्ट शिक्षकाचा मान एकमतानें मिळाला होता, तेच हे गृहस्थ. पुढच्या फेब्रुवारींत संघाचा सर्वांत चपळ गडी डी’आरन फॉक्स सॅन अँटोनियोस गेला. शिवाय या सामन्यांभोंवतीं पैजांचा व्यापार चालतो. त्यापासून तरुणांनीं चार हात दूर राहावें. खेळ पाहावा, पण घड्याळ आणि पैसा यांचा हिशेब सोडूं नये.

फॉक्स गेला त्या दिवशीं नातवाचा फोन वेळीअवेळीं आला. आम्ही सांत्वनाचीं वाक्यें जुळवीत होतों, तोंच तो आपल्या मोडक्या मराठींत म्हणाला, “आजोबा, फॉक्स गेला. पण आपण दोघे आहोंत ना?” आम्ही “आहोंत” म्हटलें. व्याकरणाची चूक त्यांत एकही नव्हती.

ज्यांचीं नातवंडें परदेशीं आहेत अशा वाचकांस आमचें एवढेंच सांगणें कीं, “जेवलास का” एवढ्यावर संभाषण संपूं देऊं नये. मूल ज्यावर जीव टाकतें तें काय आहे, हें समजून घ्यावें. नियम शिकून घ्यावे. त्याच्या बरोबर हरावें. जिंकणाऱ्याबरोबर उभें राहण्यास जग आहेच.

आणि त्या दूध घालणाऱ्या गड्याला आम्ही काय उत्तर दिलें? कांहींच नाहीं. त्याला जवळ बसविलें आणि चोवीस सेकंदांचा नियम समजावून दिला. हल्लीं तो माप खालीं ठेवून घटकाभर टेकतो आणि विचारतो, “आज किती गुणांनीं हरलो, गुरुजी?”