आजोबांची वाट

एका बिबट्याला ‘आजोबा’ म्हणून हाक मारावी, हे मराठी माणसालाच सुचणार! २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे हा नर विहिरीत पडला होता. त्याला वर काढले गेले. वयाने पोक्त, स्वभावाने शांत, म्हणून हे नाव. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात त्याला सोडून दिले.

या पट्ट्याचे काम तसे सोपे. उपग्रहांच्या संकेतांवरून तो ठरावीक वेळाने आपली जागा टिपून ठेवतो आणि मोबाइलची रेंज मिळाली की संदेशाने कळवतो. नकाशावर ठिपके पडत जातात. ते जोडले की जनावराची वाट दिसू लागते.

आजोबा काही माळशेजला रमले नाहीत. कसाऱ्याचे रेल्वे स्टेशन त्यांनी ओलांडले, वाटेतले रस्ते ओलांडले, तुंगारेश्वरच्या डोंगरात आले आणि वसईची खाडी पोहून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोहोचले. महिनाभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर! चाल बहुतेक रात्रीची. कसारा लोकलने जाणाऱ्या आपल्यापैकी कुणाला कधी शंका तरी आली असेल का? ते मूळचे इकडचेच असावेत आणि घरी निघाले असावेत, असा एक अंदाज. कवी म्हणून मला तो आवडतो, पण तो अंदाजच.

पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडला की प्रश्न मिटला, असे आपण समजतो. या ठिपक्यांनी ते खोटे ठरवले. आणखी एक गोष्ट त्यातून कळली. तुंगारेश्वर आणि राष्ट्रीय उद्यान आपल्या लेखी दोन जंगले आहेत. बिबट्याच्या लेखी एकच, फक्त मध्ये रस्ते, रूळ आणि इमारती आलेल्या.

डिसेंबर २०११ मध्ये घोडबंदरजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेने आजोबा गेले. अंगात बसवलेल्या चिपवरून त्यांची ओळख पटली.

२०२१ मध्ये वन विभाग आणि वाइल्डलाइफ कन्झर्वेशन सोसायटी यांनी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्यांना पट्टे बांधले. पहिली मादी सावित्री. त्यानंतरचा ‘महाराजा’ नावाचा नर दिवा-वसई रेल्वेमार्ग ओलांडून तुंगारेश्वरकडे गेल्याचे पट्ट्याने दाखवले. म्हणजे आजोबांची वाट अजून चालू आहे. नवा रस्ता किंवा रूळ टाकताना जनावरांसाठी खालून वाट नेमकी कुठे ठेवायची, हे या ठिपक्यांना विचारता येते. विचारायचे मात्र काम सुरू होण्याआधी. एकदा भराव पडला की बिबट्या रुळांवरूनच जाणार.