सहलीला निघताना तिथी पाहा

नवी मुंबईत पाम बीच नावाचा प्रशस्त रस्ता आहे, पण त्याच्या कडेला बीच नाही. तिथे आहे खाडी, चिखल आणि खारफुटी. त्यामुळे वाशी-नेरूळच्या मित्रमंडळींना पाण्यात पाय बुडवायचे, तर बाहेर पडावे लागते. जानेवारी २०२४ पासून नेरूळ-बेलापूरहून लोकल थेट उरणपर्यंत जाते. तिथे पीरवाडीचा किनारा आहे. गाडी असेल, तर पेण-वडखळमार्गे अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड. मित्रांबरोबर वाळूत लोळावे, मासळीचे जेवण घ्यावे, संध्याकाळी लाटांत डुंबावे, यासारखा दुसरा आराम नाही. हा आराम निर्वेध व्हावा म्हणून समुद्राची थोडी ओळख हवी.

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातल्या जुन्या मंडळींनी यावरून एक सोपा हिशेब बसवला आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. त्या दिवसांत पाणी सर्वांत जास्त चढते आणि उतरतेही तितकेच. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. घरातल्या दिनदर्शिकेवर तिथी छापलेली असतेच. सुट्टीचा रविवार ठरवताना एक नजर तिकडेही टाकावी.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येते, हे आपण जाणतो. परत येण्याची वेळही त्याच हिशेबात असते, हे मात्र गप्पांच्या नादात विसरले जाते. भरतीचे पाणी समोरूनच येते असे नाही. सखल भागांतून ते बाजूने आणि मागूनही भरते.

भरती-ओहोटीचा अंदाज असा बांधता येतो. दुसरी गोष्ट त्याहून फसवी आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कुठून तरी परत जायलाच हवे. ते वाळूतल्या एखाद्या खोलगट वाटेने, अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. यालाच रिप करंट म्हणतात. गंमत अशी, की त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे संथ, जरा गढूळ पाणी. अनोळखी माणसाला तीच जागा डुंबायला बरी वाटते. कर्नाटकात मुल्कीसारख्या गावी फळीवरून लाटांवर स्वार होणारी मुले हाच प्रवाह आत जाण्यासाठी वापरतात, पण त्यांना तो ओळखता येतो आणि हाताखाली तरंगणारी फळी असते.

हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो, दमतो आणि बुडतो. तरणतलावातले उत्तम पोहणारेही इथे हरतात. सापडलात तर प्रथम तरंगत राहा, हात उंचावून मदत मागा. मग किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा अरुंद असतो. बाजूला झालात, की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलू लागतात.

पावसाळ्यात दर्या खवळतो. मच्छीमारांच्या यांत्रिक नौका जून-जुलैत बंद असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून कोळी बांधव पुन्हा दर्यावर जातात. ज्यांचे पोट समुद्रावर आहे, तेच थांबतात, तेव्हा आपणही किनाऱ्यावरूनच लाटा पाहाव्यात. मात्र इतर ऋतूंत धोका नाही, असे समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. पाण्यात शिरण्यापूर्वी गावातल्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारावे, ‘दादा, इथे पाण्याला ओढ आहे का?’ ओहोटीत आत जाऊ नये. कमरेच्या वर पाणी घेऊ नये. मद्य घेतलेल्या मित्राला पाण्यापासून दूर ठेवावे; त्या वेळी तो रागावला तरी चालेल. एकाने आळीपाळीने काठावर बसून साऱ्यांवर लक्ष ठेवावे. कुणी अडकलाच, तर त्याच्यामागे उडी मारू नये. झाकण लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन किंवा गाडीतली हवा भरलेली ट्यूब त्याच्याकडे फेकावी, आरडाओरडा करून गावकऱ्यांना बोलवावे, ११२ क्रमांकावर फोन करावा. हाताला तरंगते काही लागले, की बुडणाऱ्याला मदत येईपर्यंतचा वेळ मिळतो.

एवढे सांभाळले, की मग खुशाल वाळूत पाय पसरून बसा. जितके गेले तितके सगळे घरी परतले, तरच सहल झाली म्हणायची.