आधी काय बिघडलं?

सकाळी ७.४०

वॉर्डातून सिस्टरांचा फोन. "मॅडम, सात नंबरनं चहा मागितला." आमच्या विभागात ही मोठी बातमी असते. सात नंबरच्या खाटेवर तांड्यावरची बावीस वर्षांची मुलगी आहे. काल दुपारी चौघांनी उचलून आणली तेव्हा डोळे उघडे, बोलणं नाही, चार दिवस पोटात अन्न नाही. हात वर उचलून सोडला की तो तसाच अधांतरी राहायचा. आधी देवऋषी झाला, मग गावच्या दवाखान्यात सलाइन झालं, मग आमचा नंबर लागला.

या अवस्थेला कॅटाटोनिया म्हणतात. त्यावरचं पहिलं औषध ऐकून नातेवाईक हमखास चक्रावतात, कारण ते लोरॅझेपाम असतं. एरवी झोप लागावी म्हणून देतात, तेच. "पोरगी आधीच निपचित पडलीय आणि वर झोपेचं औषध?" असं तिच्या मामानं विचारलं, आणि प्रश्न रास्तच होता. पण शिरेतून २ मिलिग्रॅम दिलं की असं ताठलेलं माणूस पुष्कळदा काही मिनिटांत हलतं, बोलतं. तिनं काल संध्याकाळी आईकडे मान वळवली होती. आज चहा.

८.३०, राउंड

मुलगी बोलू लागली म्हणजे आजार कळला असं नाही. कॅटाटोनिया ही नुसती अवस्था. तिच्याखाली काय आहे ते शोधायचं असतं. पूर्वी असं काही दिसलं की केसपेपरवर सरळ स्किझोफ्रेनिया लिहून मोकळे होत. प्रत्यक्षात ही अवस्था मनःस्थितीच्या आजारांतही, म्हणजे नैराश्यात आणि बायपोलरमध्ये, भरपूर आढळते. म्हणून मी आईला खाटेशेजारी बसवलं आणि आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न विचारला : "आधी काय बिघडलं?"

तारखा इथं कुणालाच आठवत नाहीत, सण मात्र पक्के आठवतात. आई म्हणाली, "पंचमीच्या आधी लई बोलायली व्हती, मॅडम. रात्री दोनला उठून भांडे घासायली. नवे लुगडे वाटून टाकले. पोळ्याला एकदम गळाली. दसऱ्यापासून तोंडच उघडंना." मी केसपेपरवर आडवी रेघ मारून तिच्यावर पंचमी, पोळा, दसरा मांडले. त्या रेघेवर आजार दिसतो : आधी उन्माद, मग नैराश्य, मग ताठरणं. हा बायपोलर आहे. याच मुलीला फक्त काल दुपारी पाहिलं असतं, तर कुणीही दुसरंच नाव लिहिलं असतं, आणि ते नाव जन्मभर तिच्या फायलीत राहिलं असतं.

ही पद्धत माझी नाही. एमिल क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञानं प्रत्येक रुग्णाची कार्डं भरून वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्या आणि १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकात दोन मोठे गट वेगळे केले. एक वाढत जाणारा, ज्याला पुढे स्किझोफ्रेनिया म्हटलं गेलं. दुसरा येणारा-जाणारा, उन्माद-नैराश्याचा. आजच्या लक्षणांवर त्याचा फारसा भरवसा नव्हता. आजार कोणत्या वाटेनं जातो ते तो पाही. सव्वाशे वर्षांनंतर आमच्याकडे एमआरआय आहे, पण ही दोन नावं वेगळी करणारी रक्ताची किंवा मेंदूची तपासणी अजून नाही. तपासण्या आम्ही करतो त्या थायरॉइड, बी-१२, फिट्स, मेंदूतला संसर्ग असं दुसरं काही नाही ना हे पाहायला.

तिचं वय बावीस, त्यामुळे व्हॅल्प्रोएट टाळलं. उन्मादावर ते चांगलं चालतं, पण दिवस गेले तर बाळाच्या मज्जारज्जूत दोष राहू शकतो, आणि तांड्यावरच्या मुलीला दिवस गेल्याचं कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. शेजारच्या खाटेवरच्या आजी रात्री सहा तास झोपल्या. त्यांच्यापुरता राउंड तेवढाच.

९.३०, ओपीडी

पहिला नंबर विशीतल्या मुलाचा, बरोबर वडील आणि दोन मित्र. मुलगा खुर्चीवर बसायला तयार नाही. येत्या निवडणुकीत आमदार होणार, देवानं तसं कानात सांगितलंय, म्हणून चुलते जळतात आणि जेवणात काहीतरी कालवतात. मोटारसायकल गहाण टाकून गावाला जेवण घातलं. वडिलांचं मत, करणी. मित्रांचं मत, गांजा.

कानात आवाज आणि जेवणात विष एवढंच ऐकलं तर स्किझोफ्रेनिया वाटतो. मी वडिलांना विचारलं, "झोप आधी उडाली की संशय आधी आला?" त्यांनी मित्रांकडे पाहिलं. एक मित्र म्हणाला, "गणपतीत ढोल वाजवून वाजवून हा झोपायचाच बंद झाला. तरी ताजातवाना. संशयाचं आत्ता आठवड्यापासून." म्हणजे आधी झोप गेली, अंगात जोर आला, मन उंच गेलं, मी मोठा झालो म्हणून लोक जळतात हा संशय त्या मोठेपणाच्या मागून आला. उन्मादाच्या निदानाला अशी अवस्था निदान आठवडाभर टिकलेली लागते, ती टिकली आहे. मन जमिनीवर आल्यावरही आवाज आणि संशय आठवडेच्या आठवडे उरले, तर निदानाचा पुन्हा विचार करावा लागेल. म्हणून मी नाव पेन्सिलीनं लिहिते. गांजाचं मित्रांनी कबूल केलं, पण झोप उडाल्यानंतरचा. तोही रेघेवर मांडला.

मग बारावीचं वर्ष काढलं. तेव्हा हा महिनाभर खोलीतून बाहेर आला नव्हता. कुठल्याशा डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली आणि तीन आठवड्यांत तो "एकदम टकाटक" झाला, असं वडील कौतुकानं म्हणाले. बायपोलरच्या माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो असा वर उडू शकतो. म्हणून उदास होऊन आलेल्या प्रत्येकाला आधी विचारावं लागतं : कधी याच्या उलट झालं होतं का? झोप नको, पैसा उधळला, बोलणं थांबेना, असं? हा प्रश्न विचारायला मिनिट लागतं. तो न विचारता लिहिलेली चिठ्ठी मला अर्धवट वाटते.

मुलगा दाखल व्हायला नाही म्हणाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा वेळची वाट आखून दिली आहे : त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी अर्ज करतो, दोघे जण स्वतंत्रपणे तपासतात, मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. कागद वाढलेत अशी कुरकुर आमच्यातले बरेच जण करतात. मला ते कागद आवडतात. सही मारून माणूस कोंडायचे दिवस मी ऐकले आहेत.

११.००

मेडिसिन वॉर्डातून बोलावणं : "पेशंट सायको झालाय, घेऊन जा." पंचेचाळिशीचा माणूस चादरीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकतोय, आज वार कोणता ते माहीत नाही, घामानं भिजलाय, हात थरथरतायत. पाय मोडून तीन दिवसांपूर्वी भरती झाला. म्हणजे दारू तीन दिवसांपूर्वी सुटली. हे वेड नव्हे, दारू तुटल्याचा डिलिरियम आहे. जिवावर बेतू शकतो. आधी थायमिन, मग ग्लुकोज, आणि पुरेसं लोरॅझेपाम. त्याला हलवू नका, असं लिहून परतले. दिसणारे भास आणि वेळकाळाचा गोंधळ एकत्र असले की आधी शरीर तपासावं. ही ओळ वॉर्डाच्या भिंतीवर लिहून ठेवायला माझी हरकत नाही.

११.३०

चाळिशीच्या बाई. केसपेपरवर "सर्वांगदुखी". हाडाचे, पोटाचे, हृदयाचे डॉक्टर झालेत. पिशवीत तीन एक्स-रे. अंग जळजळतं, जेवणाला चव नाही. रडता का, असं विचारलं तर नाही म्हणाल्या. जाग किती वाजता येते? "तीनला. मंग डोळा लागत न्हाई." सकाळ जड की संध्याकाळ? "सकाळ. दिवस उगवूच नये वाटतं." दुखणं अंगाच्या तोंडून बोलतं तेव्हा पहाटेची ही जाग आपली गाठ सोडवते. मग सरळ विचारलं : जीव द्यावासा वाटतो का? शेतातलं फवारणीचं औषध कुठं ठेवता? असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसतं ते भरतं, हा समज डॉक्टरांतही आहे. तो चुकीचा आहे. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि डबा कुठं आहे ते सांगितलं. नवऱ्याला आत बोलावून डबा आजच घराबाहेर काढायला सांगितलं. चिठ्ठीवरची सगळ्यात महत्त्वाची ओळ आज तीच होती. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि गोळी त्यानंतर. गोळीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर बंद करू नका, हे नवऱ्याकडून परत म्हणवून घेतलं.

१२.४५

लिथियमवर बरीच वर्षं सुखात असलेले निवृत्त गुरुजी आज थरथरत्या हातानं आले. जुलाबही होतायत. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या होत्या, आणि बीपीसाठी मीठही सोडलं होतं. दोन्हींनी रक्तातलं लिथियम चढतं, जुलाबानं आणखी. लिथियम हा साधा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी तो उन्मादावर वापरून दाखवला आणि आजही बायपोलरमध्ये त्याच्या तोडीचं औषध क्वचितच सापडेल. आत्महत्येचा धोका कमी करण्यात तर त्याचं नाव आधी घ्यावं लागतं. फक्त त्याची उपयोगाची पातळी आणि विषाची पातळी फार जवळ आहेत : ०.६ ते १.० बरी, १.५ च्या पुढे घात. गोळी थांबवली, सलाइन लावलं, रक्त पाठवलं. एरवीच्या तपासणीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी आणि सकाळची गोळी न घेता द्यायचं असतं. गुरुजी शिस्तीचे, त्यामुळे नेहमी गोळी घेऊनच प्रयोगशाळेत जायचे. आकडा फुगायचा.

२.००

डबा. पंधरा मिनिटं.

२.३०

क्लोझापिनवाल्यांचा वार. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे देऊनही स्किझोफ्रेनिया हटत नाही, तेव्हा हे औषध. पांढऱ्या पेशी घसरू शकतात म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त. या भीतीनं पुष्कळ डॉक्टर ते सुरूच करत नाहीत आणि रुग्ण पाच-सात वर्षं उगाच गमावतो. माझं मत स्पष्ट आहे : क्लोझापिन उशिरा देणं हा आपल्याकडचा मोठा दोष आहे. पेशींचा आकडा सगळे विचारतात. मी प्रत्येकाला आणखी एक विचारते, शौचाला होतं का? या औषधाचं बद्धकोष्ठ आतडं बंद पाडून जीव घेऊ शकतं.

४.००, नातेवाईक

एक आई. मुलगा तिशीचा, स्किझोफ्रेनिया, गेली दोन वर्षं महिन्याच्या इंजेक्शनवर चांगला. पुढच्या आठवड्यात घरातलं सगळं बिऱ्हाड उसाला निघालं आहे. मुकादमाची उचल घेतली, आता मागे कुणी राहू शकत नाही. बीडकडच्या कुटुंबांचं सहा महिन्यांचं गाव कारखान्याच्या फडात असतं, आणि आमचे रुग्ण हातचे सुटतात ते याच दिवसांत. औषध काम करेनासं झालं म्हणून सुटणारे थोडे. इंजेक्शन आज दिलं, कारखान्याच्या तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी दिली, आणि पुढची तारीख आईच्या सोयीनं "दिवाळी झाल्यावर" अशी लिहिली.

निघताना तिनं विचारलं, "ह्याचं लग्न लावलं तर सुधारंल का?" रोज कुणीतरी विचारतंच. लग्न हे औषध नाही. लग्न करायचं तर आजार सांगून करा, आणि गोळ्या-इंजेक्शन चालू ठेवून करा. लपवून आणलेल्या सुनेच्या पहिल्या दिवाळीत गोळ्या बंद पडतात आणि शिमग्याला दोन्ही घरं ओपीडीत येतात.

५.४५

पोलिसांनी बसस्टँडवरून एक बाई आणल्या. केसांच्या जटा, भाषा बहुधा बंगाली. कायद्यानं पोलिसांना २४ तासांत सरकारी रुग्णालयात आणावंच लागतं. या हवालदारांनी तासाभरात आणलं आणि येताना वडापावही खाऊ घातला. आधी आंघोळ, जेवण, जखमा, साखर, मग आम्ही. अशा माणसांना बरं करून घरी पोचवता येतं हे कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रानं दाखवून दिलं; डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामासाठी मिळाला. या बाईंची रेघ मात्र आज कोरी आहे. आधी काय बिघडलं ते सांगणारं कुणी नाही. निदानाच्या जागी मी "अनिश्चित" लिहिलं.

७.१५

सात नंबरनं अर्धी भाकरी खाल्ली. रात्रपाळीला सांगितलं, लोरॅझेपाम चुकवू नका.

जाता जाता वाचकांना एक विनंती. तुमच्या घरातल्या कुणाला आमच्याकडे आणायची वेळ आली, तर निघण्याआधी एका कागदावर लिहून आणा : माणूस शेवटचं पूर्ण बरं कधी होतं, झोप कधी बदलली, मग काय, त्यानंतर काय. तारीख आठवत नसेल तर सण लिहा. घराण्यात कुणाला असं झालं होतं का, दारू-गांजा कधीपासून, तेही लिहा, लाजू नका. जुने कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाका. आणि रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही, तर टेलिमानस या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.